उमेदवारांच्या जागी

उद्या कॉलेजच्या सभागृहात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद होता. आज दिवे-कॅमेरे तपासायला दोन विद्यार्थी त्यांच्या जागी उभे करायचे होते. ब्रिजेटला का निवडलं? तर म्हणे उंची जुळली! आणि समोरच्या माइकमागे... डॅरेन. तीन वर्षं लायब्ररीत पलीकडच्या टेबलावर बसून हळूच बघणारा, तिने मान वर केली की नजर चोरणारा. चोरटा कुठला!

"उमेदवारबाई, अंडी काय भावाने?" त्याने माइकमधून विचारलं.

"छान प्रश्न आहे," ब्रिजेट ताठ मानेने म्हणाली. "पण आधी, लहानपणी मी कोंबड्या पाळायचे ते सांगते..."

"म्हणजे बाजारात कधी गेलाच नाहीत!"

"आणि तुम्ही कर कमी करणार, तर पैसा कुठून आणणार?"

"तुमच्या कोंबड्यांवर कर लावून!"

कॅमेरावालेसुद्धा हसले. मग डॅरेनने माइक जरा जवळ ओढला.

"शेवटचा प्रश्न," तो हळूच म्हणाला. "एका गावातला कारखाना बंद पडला. बापाची नोकरी गेली, म्हणून मुलगा कॉलेज सोडून उद्या सकाळच्या बसने घरी चाललाय. त्याला एक मुलगी आवडते... तीन वर्षं. त्याने आशा धरावी का?"

तो स्वतःबद्दलच बोलतोय, हे ब्रिजेटला कळलं. समोर हिरवा दिवा लागला. बोलायला दोन मिनिटं.

"हा... फार महत्त्वाचा प्रश्न आहे. देशापुढे अनेक आव्हानं..." दिवा पिवळा झाला. "आपण सगळ्यांनी मिळून..." लाल. वेळ संपली.

"अगदी खऱ्या उमेदवारासारखं बोललीस," डॅरेन कसंनुसं हसला आणि कोट घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पलीकडचं टेबल रिकामं होतं. तिची नजर मात्र दिवसभर तिकडेच... इतकी सवय कधी लागली त्याची?

संध्याकाळी ती सभागृहात मागे बसली. कुणीतरी बंद कारखान्यांबद्दल विचारलं. "फार महत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणत एका उमेदवाराने आजोबांची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने पहिल्याची उणीदुणी काढली. कामगारांचं पुढे काय, ते दोघांनीही सांगितलं नाही. ब्रिजेटला स्वतःचीच लाज वाटली. तिने बाहेर येऊन फोन लावला.

"डॅरेन... कालचं उत्तर चुकलं माझं."

"कुठलं? कोंबड्यांचं?" त्याचा आवाज दमलेला होता.

"आशा धर, वेड्या! मलाही आवडतोस तू. शनिवारच्या बसने तुझ्या गावी येतेय मी."



"आणि... पैसा कुठून आणणार?" त्याने तिचाच कालचा प्रश्न विचारला.

"ते मी बघते. तू फक्त स्टँडवर ये."