उजवीकडच्या कळांचा कावा

"पुन्हा चुकला पासवर्ड!" कंपाउंडर मुद्दाम मोठ्यानं ओरडला. "मावशी, घरचा पत्ता तरी आठवतो ना? की सोडायला येऊ?"

गाल धरून बसलेले पेशंट खो-खो हसले. दातांचे डॉक्टरही हसले! भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ बटाटा मावशीकडे राहायला आले होते आणि चार दिवस हाच तमाशा बघत होते. मावशी इथे पेशंटची नोंद ठेवायची. ती जागेवरून उठून परत आली, की लॅपटॉप उघडायचाच नाही. मग कंपाउंडर तो ओढून घ्यायचा आणि पहिल्या झटक्यात उघडायचा!

"दुपारी पुन्हा चुकलात, तर उद्यापासून घरी बसा," डॉक्टर म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मावशीनं डबा उघडलाच नाही. "माझं डोकंच कामातून गेलंय गं," ती पुटपुटली. मुलं गुपचूप तिच्या टेबलाशी आली.

"पासवर्डचे नुसते ठिपके दिसतात," भिंगरी म्हणाली. "बटाट्या, मावशी रोज पुटपुटते तो पासवर्ड वरच्या नावाच्या चौकटीत टाइप कर. तिथे अक्षरं दिसतात."

"ताई! एमच्या जागी शून्य आलं! यूच्या जागी चार!"

"कळा बिघडल्यात?"

"छे, डावीकडच्या ठणठणीत आहेत!"

भिंगरीनं वाकून पाहिलं. उजवीकडच्या अक्षरांच्या कोपऱ्यात बारीक आकडे छापलेले होते आणि वर एक चिमुकला दिवा पेटलेला होता. तिनं एफएन आणि नमलॉक या दोन कळा एकदम दाबल्या. दिवा विझला आणि यूच्या जागी यू आला!

"कंपाउंडरकाका पासवर्डच्या आधी दोन कळा एकदम दाबतात! मी रोज बघते!" ती दात-ओठ खात म्हणाली. "म्हणजे आकडे लावतात तेच आणि काढतातही तेच!"

"पुन्हा लावू?"

"मुळीच नको. असंच राहू दे!"

दुपारी दवाखाना भरला. मावशी खुर्चीकडे निघाली, तोच भिंगरी आडवी आली. "काका, आज आधी तुम्हीच उघडून दाखवा ना!"

कंपाउंडर ऐटीत बसला. सवयीनं दोन कळा दाबल्या. दिवा पेटला! पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही चुकला आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"डॉक्टर, यांनी आधी कोणत्या कळा दाबल्या, ते विचारा! त्यांनी अक्षरांचे आकडे होतात. मावशी उठली की काका रोज हेच करतात!" भिंगरी कडाडली. तिनं त्याच दोन कळा दाबून दिवा विझवला. मावशीनं पासवर्ड टाकला आणि लॅपटॉप उघडला!

पेशंट आता कंपाउंडरला हसू लागले. "अहो, गंमत केली जराशी!" तो ओशाळून म्हणाला.

"गंमत?" मावशीचा आवाज चिरकला. "दोन महिने मी रोज सकाळी उठून घरातल्या सगळ्यांची नावं घोकते. विसरले तर नाही ना, म्हणून!"

कुणीच हसलं नाही. डॉक्टरांनी कंपाउंडरला दार दाखवलं आणि भिंगरीची पाठ थोपटली. "शाबास पोरांनो! आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, पण आम्हाला दिसलं नाही!"

"त्यांचं कौतुक करा, जरूर करा," मावशी म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत. "पण डॉक्टर, तुम्हीही रोज हसत होतात."

डॉक्टरांचा हात भिंगरीच्या पाठीवरच थांबला. मावशीनं पुढच्या पेशंटला हाक मारली, अगदी त्याच्या पूर्ण नावानिशी.