आतेभाऊ की मावसभाऊ?

प्रकाशकांच्या कचेरीच्या जिन्यात दोघं समोरासमोर आली, तेव्हा दोघांच्या हातात एकाच कादंबरीचे कागद होते. तिने ती इंग्रजीतून मराठीत आणली होती. तो तिथे छपाईआधीची मुद्रितं तपासायचा.

"अनुवादिका तुम्हीच का?" त्याने विचारलं. "पान बारावर तुम्ही नायकाला नायिकेचा मावसभाऊ केलंय. पान एकशे चाळीसवर दोघं लग्न करतात. माझा चहा सांडला हो..."

तिचे कान तापले. इंग्रजीत नुसतं 'कझिन' होतं, आणि ती घाईघाईत मावसभाऊ लिहून मोकळी झाली होती!

"आतेभाऊ करून टाका, वाचक कुरकुरणार नाहीत," तो म्हणाला.

"माझ्या मनाने? लेखिकेने सांगितलंय का तसं?"

"मग शोधू या."

छपाईला चार दिवस होते. रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर मूळ पुस्तक उघडलं जायचं. तो मोठ्याने वाचायचा आणि मध्येच थांबून तिच्याकडे बघायचा. ती मान खाली घालायची, पण हसू काही लपायचं नाही. तिसऱ्या दिवशी सापडलं. नायकाची आई नायिकेच्या आजोबांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची, तसबीर पुसता पुसता 'बाबा' म्हणते, आणि नायिकेचे वडील तिला ताई म्हणतात!

"म्हणजे ती नायिकेची आत्या," ती म्हणाली आणि आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला... मग पटकन सोडला.

काम संपलं. घरी जाताना तिला रडूच आलं. पुढचं पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाचं होतं. आता कोणत्या निमित्ताने हा जिना चढायचा?

गुरुवारी तिने शेवटची मुद्रितं पाठवली. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला.

"पान एकशे नव्वदवर पुन्हा मावसभाऊ आलाय. एकाच ठिकाणी. तुमच्या हातून अशी चूक—"

"मुद्दाम ठेवलीय," ती म्हणाली. आता माघार नव्हती. "तुम्ही फोन कराल म्हणून."



"मला ती चूक सकाळीच दिसली होती," तो हळूच म्हणाला. "तेव्हापासून फोन उचलतोय आणि ठेवतोय. तुम्ही मला आवडता... हे कसं सांगायचं, कळत नव्हतं. दुरुस्ती करायला येता?"

"दुरुस्ती तुम्हीच करा," ती म्हणाली. "मी नुसतीच येते."