गोधडीचं दुसरं टोक

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या भिंतीपलीकडची आहे. त्या भिंतीला कान लावायची माझी खोड साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा खरं-खोटं करत बसू नका.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. आमचे शेजारी शिंपीकाम करतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. संध्याकाळी ते जाड दोऱ्याचं रीळ आणायला निघाले. परदेशातली लेक दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती आणि तिच्यासाठी शिवायला घेतलेल्या गोधडीची एक कड अजून उघडीच होती.

उन्हाळ्यात मास्तरीणबाई गेल्या. निरोप मिळताच लेक निघाली, पण पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंडही दिसलं नाही. तेव्हापासून पोरीची झोपच उडाली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी तिने बापाकडे मागणं केलं, आईच्या कपड्यांची गोधडी शिवून द्या.

मास्तरांनी जीव ओतला हो त्यात. कापडातून आपलं घरच चितारलं. तपकिरी कोटाचं दार, हिरव्या स्वेटरचं झाड, आणि उंबऱ्यापाशी स्वयंपाकघरातल्या एप्रनचा खिसा, आत हात घालता येईल असा. मी विचारलंसुद्धा, ही पांघरायची की भिंतीवर टांगायची? तर म्हणाले, तुम्हाला दोन्ही नाही मिळणार.

पण एक घोळ झाला होता, आणि तो शिंप्याच्याच हातून व्हावा असा. पाण्यातून काढल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा मास्तरांचा नेम. कोरं आटतं, जुनं रंग सोडतं. त्या नेमाने त्यांनी बायकोचं कपाट रिकामं केलं, सगळे कपडे साबणात भिजवले, खळखळून धुतले, दोरीवर टाकले. आणि तेव्हा कुठे लेकीचं फोनवरचं बोलणं आठवलं.

"बाबा, तेवढं धुऊ नका हं. मला आईचा वास हवाय."

दोरीवरचा एकेक कपडा त्यांनी नाकाला लावून पाहिला. नुसता साबण. बाकी सगळं माणूस उसनं आणेल, वास कुठून आणणार? लेकीचा फोन आला की हूं हूं करायचे. मला सांगितलं ते त्या शनिवारी, रीळ घेऊन परतताना, जिन्यात.

"तिने एवढंच मागितलं होतं. तेवढंही माझ्या हातून झालं नाही."

मी म्हटलं, सांगून मोकळे व्हा. उद्या सांगतो म्हणाले, आधी पुरी तर होऊ दे.

पुढचं थोडं मी भिंतीतून ऐकलं, बाकीचं मास्तरांनी मागाहून सांगितलं. रात्री साडेअकराच्या सुमाराला दिवे गेले. गल्लीत मिट्ट काळोख. मास्तरांनी मेणबत्ती लावली, गोधडी जमिनीवर पसरली आणि कड मांडीवर घेऊन हाताने टाके घालू लागले. एवढ्या मोठ्या कामाला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने शिवायचं, दुसऱ्याने समोरचं टोक ताणून धरायचं, नाहीतर चुण्या पडतात. ते टोक जन्मभर मास्तरीणबाईंनी धरलं. टाका घालताय की खिळा ठोकताय, असं बोलत बोलत. आता तिथे वजनाला इस्त्री ठेवली होती.

चुण्या पडत होत्या. उसवायचं, पुन्हा घालायचं.

मग चुण्या पडेनाशा झाल्या.

टाका सरळ बसू लागला. हात बसला म्हणायचा, असं मास्तरांना वाटलं. जरा वेळाने त्यांनी मान वर केली. इस्त्री टोकावर नव्हती. भिंतीशी होती. उभी.

आणि समोरचं टोक जमिनीवर नव्हतं. वीतभर वर... ताणलेलं.

मेणबत्तीचा उजेड तिथवर पोचत नव्हता.

मास्तरांचा हात थांबला नाही. टाका घातला की पलीकडून हलका ओढा. टाका... ओढा. दोरा संपत आला तसा ओढा सैल झाला. ती करायची तसा. न सांगता.

"मी धुतले गं सगळे," मास्तर म्हणाले.

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

"पोरीला झोप नाही."

मेणबत्ती विझली. वारा नव्हता.

भिंतीपलीकडे मी जागाच होतो. मास्तरांचा आवाज बंद झाला, आणि त्यानंतर कात्री चालली. करकर. सावकाश...

अंधारात कापड कोण कापतं?

सकाळी लेक आली. मास्तर धुण्याचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने बॅग टाकली, गोधडी ओढून घेतली, तिच्या एका कोपऱ्यात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली. म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्ही धुवाल. नाही धुतलेत." आणि तिथेच जमिनीवर झोपली. दिवस मावळला तरी हलली नाही.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा मास्तर तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी तोच कोपरा हळूच उचलून नाकाशी धरला. पुन्हा धरला. मान हलवली.

"मला नाही येत," म्हणाले. "माझ्यासाठी आलीच नव्हती ती."

मग त्यांनी कोपरा उलटून दाखवला. पांढऱ्या अस्तरावर तळहाताएवढा तुकडा जोडलेला. फिकट निळा, बारीक ठिपक्यांचा. टाके मास्तरांचे नव्हेत. कापड मात्र आम्ही दोघांनीही ओळखलं. त्याचा गाऊन मास्तरांनीच शिवला होता, दवाखान्यात घालायला. घरात त्याची चिंधीसुद्धा उरली नव्हती. मास्तरीणबाईंना शेवटचं नेलं ना, तेव्हा तोच त्यांच्या अंगावर होता. बटणं मास्तरांनी स्वतः लावली होती. गळ्यापर्यंत.