शेवटच्या घराची बाटली

बस, पोरी. उद्यापासून गावाला पाणी तू सोडणार, म्हणून एक गोष्ट कानावर घालतो. हसायचं तर हस, पण पूर्ण ऐकून घे.

काम तसं अवघड नाही. सकाळी पंप चालू करायचा, टाकीत ब्लीचिंग पावडर सोडायची, व्हॉल्व्ह फिरवायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रयोगशाळेची गाडी येते. तिला सहा बाटल्या द्यायच्या, सहा ठिकाणच्या नळांचं पाणी. सहावी लाइनीवरच्या शेवटच्या घराची. नियमच आहे तसा, कारण टाकीजवळ पाणी चांगलं असलं तरी टोकाला जाईपर्यंत वाटेत काय काय मिसळतं, कुणाला ठाऊक?

आता ते घर चढावर, दीड किलोमीटर लांब, आणि माझा गुडघा कामातून गेलेला. मग मी काय करायचो, पंपघराच्या दाराशी हा नळ आहे ना, यावरच सहाच्या सहा बाटल्या भरायचो. चहाला उकळी येईपर्यंत काम फत्ते! मग लेबलं चिकटवायची. शाळा, दवाखाना, गिरणी... आणि शेवटचं घर. तीन वर्षं रिपोर्ट एकच, ‘पिण्यास योग्य’. पाणी कमिटीने माझा सत्कारसुद्धा केला. सत्कार कसला, डोंबल!

त्या शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली, माझी लेकसुद्धा. सगळे तिला दाई म्हणायचे. भेटली की तिचं एकच पालुपद, "अरे, पाण्याला गटाराचा वास येतोय." मी म्हणायचो, "दाई, तुझं नाक म्हातारं झालंय. हा रिपोर्ट बघ."

गेल्या वर्षी तिला हगवण लागली. मी बघायला गेलो, तोही खिशात रिपोर्ट घेऊन. पडल्या पडल्या तिने तो वाचला आणि म्हणाली, "मग माझंच पोट खोटं बोलत असेल." तिसऱ्या दिवशी ती गेली. घराला कुलूप लागलं.

त्यानंतर तरी मला अक्कल यावी? नाव नको. दाईच्या खालच्याच घरात माझी लेक दिलेली, त्याच लाइनीवर. आठ महिन्यांची नात तिथं, तेच पाणी पिणारी. पण स्वतःच्याच थापा वाचून वाचून मला त्या खऱ्या वाटायला लागल्या होत्या.

मग दोन महिन्यांपूर्वी रिपोर्ट आला. पाच बाटल्या योग्य, सहावी अयोग्य. मी हसलो. एकाच नळाचं पाणी, त्यातलं एकच कसं बिघडेल? म्हटलं, प्रयोगशाळेत झोपा काढतात लेकाचे.

पुढच्या महिन्याच्या सोमवारी बाटल्या भरल्या, लेबलं लावली आणि उगाच खात्री करावी म्हणून प्रत्येकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन क्लोरीन तपासलं. ते औषधाचे दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की निर्धास्त. पाच नळ्या पिवळ्या झाल्या. सहावी तशीच राहिली, बिनरंगाची.

मी सहाव्या बाटलीचं लेबल काढून गिरणीच्या बाटलीला लावलं. पुन्हा थेंब टाकले. आता गिरणीची बिनरंगाची, आणि आधीची सहावी झाली पिवळी. मग शाळेच्या बाटलीला लावलं. तेच. लेबल जिथं जाईल तिथलं पाणी बिघडत होतं, पोरी, माझ्या डोळ्यांदेखत! आणि खोलीत वास सुटला... उघड्या गटाराचा. नळी हातातून सुटून फुटली.

भर दुपारी, गुडघा ओढत मी तो चढ चढलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दाईच्या दाराला गंजलेलं कुलूप तसंच. पण आतून आवाज येत होता. भांड्यात नळाची धार पडल्याचा.

पाणी सोडायची वेळ सकाळची. दुपारी अख्ख्या लाइनीत थेंब नसतो.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत मिट्ट काळोख. धार थांबली... आणि अगदी दाराला चिकटून कुणीतरी हळूच विचारलं,

"रिपोर्ट... आला का रे?"

मी म्हणालो, "आला, दाई... खराब आलाय."

"मग सांग ना... त्यांना."

तेवढ्यात खालच्या घरातून माझ्या लेकीची किंकाळी आली, "बाबा! बाबा, ही डोळे फिरवतेय!"

नात चिंध्यासारखी लोळागोळा झाली होती. सकाळपासून जुलाब. आम्ही तिला तशीच दवाखान्यात नेली. तिला सलाईन लावलं आणि मी तडक कमिटीपुढे जाऊन उभा राहिलो. सगळं ओकलो. तीन वर्षांच्या बाटल्या, दाई सांगायची तो वास, सगळं. कुणी शिव्या दिल्या, कुणी अंगावर धावून आला. योग्यच केलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी चढावर खोदलं, तर पाइपाचा जोड गटाराच्या खाली, मनगट जाईल एवढा उघडा.

जोड बदलला. लाइन धुतली. नात वाचली. तिला मी माझ्या घरी आणली, टाकीला अगदी लागून, कारण एवढं स्वच्छ पाणी गावात दुसरीकडे नाही.

या सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा सहा ठिकाणी चालत जाऊन सहा बाटल्या भरल्या. आज सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"काका, सगळं पाणी उत्तम आहे. फक्त तुमची सातवी बाटली अयोग्य निघाली."

"बाई, मी सहाच दिल्यात."

"सात आहेत. अक्षर तुमचंच आहे."

"लेबल... कुठल्या घराचं?"

त्यांनी वाचलं. माझ्याच घराचं.

मी धावत आत गेलो. बायको नातीला चमच्याने पाणी पाजत होती. हात मारून चमचा उडवला. मग नळाचं पाणी दहा वेळा तपासलं. दहाही वेळा पिवळंधमक. अंगण खोदलं, पाइप एकदम ठणठणीत. नातीला लांब कुठं न्यावं तर डॉक्टर म्हणतात, अजून अंगात त्राण नाही, आठवडाभर हलवू नका. पाणी उकळून देतोय, पण तेवढ्याने भागेल का, मला काडीचं कळत नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय.

दुपारी मी स्वतः जाऊन ती बाटली बघून आलो. अक्षर माझंच आहे, नाकारायला जागा नाही. खाली तारीख घातलीय.

ती तारीख येत्या परवाची आहे, पोरी. ते पाणी अजून नळाला यायचंय.