मागच्या दिव्यांचं पॅकिंग

वडील जाऊन दहा महिने झाले, तेव्हा कुठे तिने त्यांच्या जुन्या गाडीला हात लावला. मागच्या दिव्यांची पॅकिंगं बदलायची होती. रबराचा पार भुगा झाला होता. पाणी काचेआड शिरायचं आणि दिवे ऐन वेळी दगा द्यायचे. "एवढं बघ गं," वडील कितीदा म्हणाले होते. ती स्वतः गाड्या दुरुस्त करणारी, पण घरचं काम म्हणून उद्यावर ढकलत राहिली. मग एका धुक्याच्या सकाळी दिवे बंद पडले. बघायला वडील रस्त्याकडेला उतरून गाडीमागे वाकले, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ते दिसलेच नाहीत; गाडी तेवढी वाचली.

आज दुपारी शेडमध्ये सामसूम होती. गंजाचा आणि कुबट रबराचा वास कोंडून राहिला होता. तिने काचा उतरवल्या, खाचेत चिकटलेलं जुनं रबर खरवडून काढलं, नवी पॅकिंगं अंगठ्याने दाबत बसवली, स्क्रू आवळले, चार्ज केलेली बॅटरी जोडली. मग गाडीमागे उकिडवी बसून तिने हाक मारली,

"आई, जरा ब्रेक दाबतेस?"

गाडीचं दार वाजलं. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. दोन्ही दिवे लालभडक पेटले.

"सोड."

विझले.

"परत दाब."

पेटले. तिचे डोळे भरून आले. अर्ध्या तासाचं तर काम होतं.

"झालं. सोड आता."

दिवे तसेच.

"आई... सोड ना."

"कुणाशी बोलतेस?"

आई शेडच्या दारात उभी होती. हात ओले, भांडी घासायची अर्धवट टाकून आलेली.

आईने पेटलेल्या दिव्यांकडे पाहिलं, मग रिकाम्या सीटकडे. ती सावकाश खिडकीशी गेली आणि अगदी हळू म्हणाली, "सोडा आता. राग नका धरू तिच्यावर... केलंय तिने काम."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्प्रिंगा पुन्हा करकरल्या आणि उजवा दिवा विझला.

डावा पेटलेलाच राहिला.

पेडल एकच, वायरही एकच. ती त्या लाल काचेकडे बघत राहिली.

"आई... त्या सकाळी गाडीत बाबा एकटेच होते ना?"

आई वळसा घालून गाडीच्या पलीकडे गेली, तिकडचं दार उघडलं, आणि कुणाला उतरायला वाट द्यावी तशी बाजूला झाली.