सुरूबनातलं माहेर

दापोलीजवळच्या 'सुरूबन' हॉटेलात पाहुण्यांच्या आधी भिंतींना खायला घालावं लागे. रोज सकाळी मंदाताई पाटणकर तांदळाची पातळ पेज फवारणीच्या पंपात भरत आणि खोलीखोलीतून फिरत. पेज पसंत पडली नाही, तर भिंतीला दिवसभर आंबूस वास येई. आचाऱ्यापेक्षा हिचे नखरे जास्त, असं त्या म्हणत.

आठ वर्षांतली ही तिसरी साथ. किनाऱ्यावरच्या बाकी हॉटेलांना कुलुपं लागली होती. मंदाताईंनी मात्र पहिल्याच साथीत ठरवलं होतं, आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. डॉ. फरझाना मुकादम यांचा 'सजीव लेप' भिंतींवर चढवायला कुणी धजेना, तेव्हा त्याच पुढे झाल्या. हा लेप म्हणजे निरुपद्रवी जंतूंची दाट साय. बाहेरून आलेला कोणताही रोगजंतू ती अर्ध्या तासात फस्त करी. पाहुणे आठवडाभर निर्धास्त राहून घरी जात. मंदाताई आणि त्यांची चौदा माणसं मात्र ही साथ आल्यापासून दोन वर्षं आतच होती.

बाहेरून वरचेवर येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा सगळ्यांचं रक्त तपासलं.

"ताई, तुमच्या शरीराला दोन वर्षांत शत्रूच भेटला नाही. आतले पहारेकरी झोपलेत. बाहेरची साधी सर्दीही तुम्हाला झेपायची नाही."

"कायमची?"

"मोठ्या माणसांना हळूहळू सवय लावता येईल. चार-पाच वर्षं लागतील."

"लागू देत. हॉटेल चालू आहे ना?" मंदाताईंनी पंप उचलला.

पुढच्याच महिन्यात त्यांची एकुलती लेक गार्गी फाटकाशी येऊन उभी राहिली. आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज साथीलाही मोडता आला नव्हता. शिवाय तिच्या सासरी, चिपळुणात, ओळखीच्या दोघी बाळंतिणी नुकत्याच साथीत गेल्या होत्या.

डॉक्टर मायलेकींच्या मध्ये उभ्या राहिल्या. "आत आलीस तर दोघंही नक्की वाचाल. पण शत्रू कोण, मित्र कोण, हे बाळाचं शरीर पहिल्या काही महिन्यांत शिकतं. इथे त्याला शिकवायला कुणीच नाही. साथ अजून वर्षभर तरी हटत नाही, आणि तो काळ हुकला की हुकला. ते मूल या भिंतींबाहेर कधीच जगू शकणार नाही."

इतकी वर्षं मंदाताईंनी दार उघडं ठेवलं, त्याचा त्यांना अभिमान होता. आज पहिल्यांदाच त्या दाराची त्यांना भीती वाटली.

"आई," गार्गी म्हणाली, "आधी त्याला जगू तर दे. कुठे जगायचं ते मग बघू."

मंदाताईंनी तिच्या हातातली बॅग घेतली.

मुलगी झाली, सात पौंडांची, ठणठणीत. आचाऱ्यानं डिंकाचे लाडू वळले. बातमी पंचक्रोशीत पसरायला किती वेळ लागतो? बारशाच्या दिवशी सकाळी फाटकाशी नऊ बायका उभ्या होत्या. कुणाला सहावा, कुणाला नववा, आणि प्रत्येकीच्या हातात कपड्यांची पिशवी. डॉक्टर त्यांच्याशी बोलायला गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

"पोरं जन्मभर आतच राहतील, हे सांगितलंत ना त्यांना?" मंदाताईंनी विचारलं.

"सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं."

"मग काय म्हणाल्या?"

"एकीनं विचारलं, खोल्या किती आहेत."