वाचन मंडळाची सामाईक आठवण

तापीखोरे विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी ऑनलाइन वाचन मंडळातल्या झाडून सगळ्या सदस्यांनी एकाच बैठकीत मुक्ता नाईकवाडीला लग्नाची मागणी घातली. मागणी घालणाऱ्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या देशमाने बाई होत्या, चंद्रावरचा खाण अभियंता बोधनकर होता आणि, इतिवृत्तात स्पष्ट नोंदवल्याप्रमाणे, खुद्द मुक्ताही होती.

असं काहीही घडलेलं नाही. तसा ठरावच मंडळाने एकमताने मंजूर केला आहे. तेव्हा जे घडलं नाही ते कसं घडलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

सुरुवात जळगावच्या स्मृती प्रयोगशाळेत झाली. डॉ. हिलाल मुजावर टेबलावर एक टोपी ठेवून बसला होता. समोर त्याचा वर्गमित्र सौमित्र खोत होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर, नैरोबीहून, मंडळाची सूत्रधार मुक्ता.

मंडळाची अडचण साधी होती. दर महिन्याला एक पुस्तक ठरायचं. ते कोणीही वाचायचं नाही. चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत कॅन्टीनच्या मिसळीवर यायची.

"पुस्तक वाचून झालं की मेंदूत शब्द उरत नाहीत, एक ठसा उरतो," हिलाल म्हणाला. "त्या ठशाची मी स्मृतिप्रत काढतो. ही स्मृतिटोपी घालून झोपायचं. सकाळी उठलात की पुस्तक वाचल्याचं तुम्हाला आठवतं."

"म्हणजे होस्टेलवर करायचो तेच," सौमित्र म्हणाला. "एकाने नोट्स काढायच्या, बाकीच्यांनी झेरॉक्स मारायची."

"तेच. फक्त झेरॉक्स डोक्यात."

"पण त्यात पुस्तकच असतं ना? दुसरं काही नाही?" मुक्ताने विचारलं.

"आधी फक्त पुस्तकच ठेवलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत सगळे विसरले. आठवण टिकते ती भावबंधामुळे. वाचताना पंखा कुरकुरत होता, गुडघा दुखत होता, कोणाचा तरी राग आला होता, या सगळ्याला पुस्तक चिकटलेलं असतं. ते खरवडून काढलं की पुस्तकही निघून येतं."

"मग माझा गुडघा दुखलेला सगळ्या जगाला आठवणार?" सौमित्र म्हणाला.

"तुझा म्हणून नाही, स्वतःचा म्हणून. ठशावर मालकाचं नाव नसतं, खोत."

झेरॉक्सवर पदवी मिळवलेल्या लोकांना यात काहीच धोका दिसला नाही.

पहिलं पुस्तक देशमाने बाईंनी वाचलं. या भूगर्भशास्त्राच्या निवृत्त विभागप्रमुख. पुढची बैठक मंडळाच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी ठरली. सर्वांना तिसरं प्रकरण आवडलं होतं. सर्वांना पाचव्या प्रकरणात डुलकी लागली होती. सर्वांचं आपल्या सुनेविषयी एक निश्चित मत होतं; ज्यांना सून नव्हती त्यांचंही. सातव्या प्रकरणाच्या वेळी बाईंनी वांग्याचं भरीत खाल्लं होतं. बोधनकरने चंद्रावर डोळे पुसले. "चार वर्षांनी खाल्लं," तो म्हणाला. "बाई, मिरची जरा कमी पडली होती."

"मला माहीत आहे," सगळे एकदम म्हणाले.

मग सौमित्रची पाळी आली. पुस्तक होतं शेवाळाच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ.

सौमित्रची गोष्ट अशी, की एम.एस्सी.ला असल्यापासून त्याला मुक्ता आवडायची. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, मुक्ताला तर नाहीच. महिन्यातून एकदा तासभर ती पडद्यावर दिसायची, तेवढ्यावर त्याचं चाललं होतं. स्वतःचा कॅमेरा तो बंद ठेवायचा, कारण त्याच्या चेहऱ्याला काही लपवता येत नसे. तो तास हातचा जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून त्याने वाचताना फक्त शेवाळाचा विचार करायचं ठरवलं. पण ग्रंथालयामागच्या फरशीवर एकदा मुक्ता शेवाळावरूनच घसरली होती, आणि उठायचं सोडून बसल्या बसल्या हसत सुटली होती. हे त्याला प्रस्तावनेतच आठवलं. पुढे सहाशे पानं होती.

बैठक सुरू झाली.

"शेवाळाबद्दल बोलण्याआधी," बोधनकर घसा खाकरत म्हणाला, "मुक्ता, एक विचारायचं होतं."

"थांब रे, मी मोठी आहे," देशमाने बाई म्हणाल्या. "मुक्ता, मला आज सकाळी कविता सुचली. आयुष्यात दगडांखेरीज कशावर मी एक ओळ लिहिली नव्हती. तू कोणाशी ठरवलं नाहीस ना अजून?"

त्यानंतर सगळेच बोलू लागले. गलका शांत झाल्यावर मुक्ता म्हणाली, "टोपी मीही घातली होती. सकाळी अर्धा तास आरशासमोरून हलले नाही. मी स्वतःला नकार देऊ शकेन असं वाटत नाही."

मग हळूहळू सगळ्यांना आठवलं, की या महिन्याचा वाचक कोण होता.

"खोत, कॅमेरा लाव," हिलाल म्हणाला.

"नेट नाहीये," सौमित्रचा आवाज आला.

"मला चंद्रावर नेट आहे," बोधनकर म्हणाला, "आणि तुला जळगावात नाही?"

सौमित्र बैठकीतून बाहेर पडला. त्याला पुन्हा तोंड दाखवता यावं म्हणून, असं काही घडलेलं नाही हा ठराव बाईंनी तिथल्या तिथे मांडला. तरी तो पुढच्या बैठकीला येईना. फोन केला की घरातून सांगायचे, तो शेतावर गेलाय. त्याला शेत नव्हतं.

शेवटी मुक्ताने मंडळाला कळवलं: "पुढचं पुस्तक मी वाचते."

हिलाल स्वतः टोपी घेऊन सौमित्रच्या घरी गेला.

"मी नाही घालणार," सौमित्र म्हणाला. "समजा वाचताना तिला माझी कीव आली असेल, तर?"

"तर तुलाही तुझी कीव येईल. ती आत्ताच येतेय, मग फरक काय पडतो?"

"आणि राग आला असेल तर?"

"अरे बाबा, बाकीचे सगळे आज टोपी घालून झोपणार आहेत. तिचं उत्तर चंद्रावर कळेल आणि तुला कळणार नाही, हे चालेल तुला?"

सौमित्र टोपी घालून झोपला.

सकाळी त्याला आठवलं, की आपण नैरोबीच्या एका बाल्कनीत लिफ्टच्या देखभालीवरचं अत्यंत रटाळ पुस्तक वाचत होतो. चहा निवला होता. आणि पुस्तकभर आपण एका बंद चौकटीची वाट पाहत होतो. दर महिन्याला काळ्या चौकटीतून एक आवाज यायचा, तो कुठल्याही पुस्तकाची बाजू घ्यायचा, आणि त्या आवाजाचा चेहरा बघायला मिळावा म्हणून तर आपण हे मंडळ इतकी वर्षं बंद पडू दिलं नव्हतं. सौमित्रने आरशात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं नाक बरं वाटलं.

त्याने कॅमेरा लावला. मुक्ता आधीच पडद्यावर होती. दोघांना एकमेकांचं सगळं माहीत असल्यामुळे बोलणं फारसं झालं नाही. नुसतं हसणं झालं, ते मात्र बराच वेळ. लग्न जळगावलाच करायचं ठरलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तेवढ्यात बाकीचे सदस्य पडद्यावर आले. सगळे नटून आले होते.

"मुहूर्त कधीचा धरायचा आपल्या लग्नाचा?" बोधनकरने विचारलं.

"आपल्या?" सौमित्र म्हणाला.

"शेवाळावर घसरलेली मुक्ता मला आठवते. बाल्कनीत तुझी वाट पाहिलेली आठवते. दोन्ही बाजूंनी प्रेमात पडलोय मी. अजून काय करायला हवं होतं?"

"हिलाल, सांग ना यांना," मुक्ता म्हणाली.

हिलालने थोडा विचार केला. "शास्त्राप्रमाणे तो बरोबर आहे," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर मीही शेरवानी शिवायला टाकली आहे."

देशमाने बाईंनी त्याच दिवशी विवाह नोंदणी कार्यालयाकडे अर्ज पाठवला:

"महोदय, खोत–नाईकवाडी विवाहाच्या नोंदणीत वर व वधू या दोन्ही रकान्यांत आमच्या मंडळाच्या सर्व सदस्यांची नावे लिहावीत. अगोदरच विवाहित असलेल्या सदस्यांच्या घरी याबाबत पत्रव्यवहार करू नये. तसेच सदस्य श्री. बोधनकर कामानिमित्त चंद्रावर असल्याने, त्यांची सही घेण्यासाठी कार्यालयाने शिक्क्यासह तेथे प्रत्यक्ष उपस्थित राहावे, ही नम्र विनंती."